रविवारी गाडी काहून नाही आली

मुक्काम जऊळका

आदरनीय इवाईबुवा तुळशीरामजी यांले भिवाजीचा इंझोरीपर्यंत पोचन असा मोठ्यानं जयभीम.

इकडं मी, भागिरथा अन् म्हैस, तिघंही बरे हाओत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? (मी सांगतलेलं एरंडाचं तेल लावलं असन तर बरं, नसन लावलं तरी मी काही रुसत नाही.) इहीनबाई सोजरबाईले जयभीम, जावई रवी यांले आशीर्वाद. 'रविवारी लेक न्यायले येतो' असा निरोप धाडून मी आलो नाही. तुमी समदे दिवसभर रस्त्याकडं पाहत बसले, इहीनबाईचा पुरनाचा स्वयंपाक तसाच राह्यला. लाज वाटते मले. फोनवरच सांगतलं असतं, पन तुमी फोनवर 'असू द्या, असू द्या' म्हनता अन् मंग मले पुढचं काही सुचत नाही. जयंती तोंडावर आली अन् धम्मदीपा अजून तुमच्याकडंच, म्हनून हे पत्र.

झालं असं का आमच्या पिकअपचं स्टेरिंग घट्ट झालं. घट्ट म्हंजे भल्लंच घट्ट. गाडी उजवीकडं वळवाले दोन्ही हात, छाती अन् थोडासा राग लागे. मुन्ना मेकॅनिक म्हने टायरात हवा कमी हाय. हवा भरली. मंग म्हने तेल आटलं. तेल टाकलं. मंग म्हने पट्टा ढिला झाला. पट्टा नवा टाकला. चोर सोडून संन्याशाले फाशी, दुसरं काय! शेजारची गोमतीबाई म्हने, गाडीले नजर लागली. (आमी नजरबिजर मानत नाही. पन त्या दिवसांत मीच गाडीकडं जरा वाकड्या नजरेनं पाहत होतो, हे खरं.)

तरी रविवारी निघालो. म्हनलं, हात तुटले तरी चालतीन, लेक आनतोच. किन्हीराजापर्यंत रस्ता सरळ, म्हनून मीही शहाना. वळन आलं अन् गाडी वळाले तयारच नाही. ती सरळ गेली, अन् सरळ समोर होता साखरपुड्याचा मांडव. कसाबसा ब्रेक दाबला. लोक पळतीन, शिव्या देतीन असं वाटलं, तर बाप्पा, चार पोरं धावत आले अन् मागचं फाळकं उघडून सामान उतरवाले लागले! त्यायले वाटलं बिछायतवाल्याची गाडी आली. 'काका, खुर्च्या कुठी हाय?' मी म्हनतो, खुर्च्या नाही हो, हे इवाईच्या घरी न्यायचं कोहळं हाय. ऐकते कोन? इहीनबाईसाठी घेतलेलं लुगडं एकानं स्टेजवर नेऊन ठेवलं. समजल्यावर समदे हसले, मले जेवू घातलं (वांग्याची भाजी झकास होती, तुमची आठवन आली), अन् सहा जनांनी गाडी मागं ढकलून जऊळक्याकडं तोंड करून देली. लुगडं परत आलं. कोहळं नाही आलं.

घरी येऊन धम्मदीपाले फोन लावला. पोरीनं 'बाबा, कसे हा?' असं नाही इचारलं. पयले इचारलं, 'गाडी कशी हाय?' मंग म्हनली, 'जॅक लावून पुढचे दोन्ही चाकं उचला अन् स्टेरिंग फिरवा.' फिरवलं. तरी घट्ट. म्हनली, 'मंग टायरचा दोष नाही. खाली वाका. स्टेरिंगचा दांडा जिथं वाकते तिथं क्रॉस असते, त्याले हात लावून पाहा.' हा क्रॉस म्हंजे लोखंडाचं मनगट समजा. हात लावला तर बोटाले जंगच जंग. ती म्हनली, 'बाबा, गाडी रोज धुता काय?'

आता काय सांगू? होळीपासून रोज धुत होतो. मोटरीचा पाइप धरून, आतून, खालून, पायदानापर्यंत. तुमच्या दारात मळकी गाडी कशी आनू? भागिरथा म्हने, 'अहो, गाडी हाय का नवरदेव?' पन सांज झाली का घर खायले उठते, इवाईबुवा. हाताले काही काम पायजे. लेकीची आठवन येते. जेवतानी तर येतेच येते. तर त्या पान्यानं क्रॉसमधलं ग्रीस धुपून गेलं अन् तो जंगला. तुमच्याकडं याची तयारी केली अन् त्याच तयारीनं गाडी अडवली. ती फोनवर आधी हसली, मंग उगीच खाकरली. तिनं सांगतलं तसं क्रॉसले डिझेल पाजलं, हलवत राह्यलो, मंग ग्रीस भरलं.

तर येत्या रविवारी नक्की येतो. येतानी गाडी कशीतरी आनतो, पन त्या घट्ट स्टेरिंगनं माहा उजवा खांदा उखडला. परतीची वाट माह्यानं होनार नाही. तुमच्या गावात सून पिकअप चालवत नाही, हे मले ठाऊक हाय. लग्नाच्या बोलनीतच इहीनबाई म्हनल्या होत्या, आता हे गाडीबिडी पुरे. पन नाइलाज हाय. धम्मदीपालेच चालवा लागन.

तुमचा,
भिवाजी

ता.क. खांद्याले काही नाही झालं. स्टेरिंग आता एका बोटानं फिरते. इहीनबाईले मात्र खांद्याचंच सांगजा.

ता.क. दुसरा. मागच्या जयंतीले मिरवनुकीत फोटोची गाडी तिनंच चालवली होती, बैलाच्या चालीनं, एक झटका न बसू देता. लग्नापासून तिनं स्टेरिंगले हात नाही लावला. परवा ग्रीस भरून झालं तवा म्हनली, 'बाबा, हलकं झालं का? मले दिसत नाही न इथून. फोन तिथं धरा अन् फिरवा.' मी फोन स्टेरिंगजवळ धरून फिरवत राह्यलो अन् ती तिकडं, तुमच्या घरात, ऐकत राह्यली. भरपूर वेळ. ठेव म्हनाची माही हिंमत नाही झाली. म्हनून रविवारी गाडीची किल्ली मी तुमच्या हातात देतो, तुमी तिच्या हातात द्या. मी दिली तर लोक म्हनतीन, बापाचे लाड. सासऱ्यानं दिल्यावर कोन काय म्हनन?