फोन कंपनीचा, पत्रं ठमीची

३ फेब्रुवारी

ठमीचं पत्र आलं! पाच वर्षांनी!

पत्र म्हणजे ईमेल. कंपनीच्या फोनवर दुरुस्तीच्या तक्रारी बघत होतो, मधेच तिचं नाव. आधी वाटलं, भलतंच काहीतरी असेल. उघडलं तर माझी मुलगीच. चार ओळी. 'बाबा, हा पत्ता अजून चालतो का? चालत असेल तर कळवा. फोन करू नका. फोनवर आपण भांडू. लिहा.'

बाराव्या मजल्यावर, लिफ्टच्या उघड्या दारापाशी फतकल मारून बसलो. खालून बुवा ओरडतोय— माझा जोडीदार, अठरा वर्षं आम्ही दोघं मिळून लिफ्ट दुरुस्त करतो— 'अहो, वर जिवंत आहात का?'

आहे, म्हटलं. आहे!

५ फेब्रुवारी

दोन दिवस खोडाखोड. शेवटी एकच शब्द पाठवला— 'चालतो.' अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

आता रोज एक तरी येतं. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन वाचतो. पोळी हातात राहते, भाजी गार होते. ती शाळेत चित्रकला शिकवते. चष्मा लागलाय. मुलं तिला घाबरत नाहीत याची तक्रार. मी लिहिलं, 'तुझ्या आईला मीही घाबरत नव्हतो, ती फक्त बघायची.' पाठवून दिलं आणि मग लक्षात आलं. आईचा विषय काढला! पण ती हसली असावी. 'हो, तसं बघता मलाही येतं,' असं आलं.

माझा स्वतःचा फोन बटणांचा. त्यात ईमेल नाही. गेल्या वर्षी कंपनीने हा मोठा फोन दिला तेव्हा कागदावर सही घेतली होती— फक्त कामासाठी वापरीन. बुवानेच त्यात माझं खासगी ईमेल घालून दिलं. 'कोण बघतंय तुमचं!' म्हणाला. तेव्हा खरंच बघण्यासारखं काही नव्हतं.

१५ फेब्रुवारी

आज तिने विचारलंच. 'त्या दुपारी तुम्ही का गेलात?'

काय लिहू? तिची आई हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणाले, आज बरी आहे. ऑफिसातून फोन आला— लिफ्टमध्ये चार माणसं अडकलीत, जवळ दुसरं कोणी नाही. तासाभराचं काम म्हणून गेलो. माणसं काढली. परत आलो तर खाटेवर नवी चादर घालत होते. ठमी भिंतीला टेकून उभी. 'तुमची माणसं सुटली ना?' एवढंच बोलली. त्यानंतर आजपर्यंत तिचा आवाज ऐकलेला नाही.

हे सगळं लिहिलं. जसंच्या तसं. स्वतःची बाजू मांडली नाही.

१६ फेब्रुवारी

उत्तर नाही.

१७ फेब्रुवारी

नाही.

१८ फेब्रुवारी

'वाचलं. रडले. आता बरं वाटतंय.' मी पण, बाई. मी पण.

२१ फेब्रुवारी

आज लिफ्टच्या छतावर उभा होतो, वायर तपासत. एकदम डोळ्यांपुढे अंधारी. हाताला दोर लागला म्हणून वाचलो, नाहीतर नऊ मजले खाली! तिसरी वेळ ही. बुवाला कळू दिलं नाही. कळलं की काम जाईल. घरी बसून भिंती बघू?

ठमीला मात्र लिहिलं. 'छतावर उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तिसरी वेळ. कोणाला बोललो नाही, तुलाच सांगतोय.' का लिहिलं? कोणीतरी काळजी करावी म्हणून. दुसरं काय! म्हातारपणी माणूस लहान पोरासारखं गुडघा खरचटलेला दाखवत फिरतो.

दहा मिनिटांत उत्तर. 'आजच डॉक्टरकडे जा. छतावर चढायचं नाही.'

मी लिहिलं, 'लिफ्टवाल्याने छतावर चढायचं नाही तर काय लिफ्टमध्ये झाडू मारायचा?'

२४ फेब्रुवारी

तीनदा विचारलं तिने. शेवटी ठोकून दिलं— जाऊन आलो, काही नाही, अशक्तपणा. लगेच आलं, 'कोणत्या डॉक्टरकडे? नाव सांगा.' तिच्या आईवर गेलीय अगदी. फोन उलटा करून ठेवला.

२६ फेब्रुवारी

सगळं संपलं.

सकाळी साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. 'बसा. छतावर उभं असताना तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येते का?'

माझेच शब्द! मी ठमीला लिहिलेले, शब्दन् शब्द तेच! म्हटलं, 'कोण म्हणालं?' 'ते सांगता येणार नाही. तिसरी वेळ ना ही?'

तिसरी वेळ. हेही तिथलंच. जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं, एकाच माणसासाठी. म्हणजे हे लोक माझी पत्रं वाचतायत! अंधारीचं वाचलं म्हणजे तिच्या आईचंही वाचलं असणार. खाटेवरची चादर. 'रडले'— तेसुद्धा. कचेरीत चहा पिता पिता.

'डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत लिफ्टच्या शाफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही,' म्हणाले. 'माझी पत्रं वाचता?' असं विचारायला हवं होतं. सही केलेला कागद आठवला. फोन त्यांचा, मी कोण?

बाहेर जिन्यात बसून माझं ईमेल त्या फोनमधून काढून टाकलं. 'खात्री आहे का?' असं विचारत होता मेला. आहे म्हटलं. हात भाजल्यासारखा फोन खिशात टाकला.

२८ फेब्रुवारी

कंपनीच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून चोवीस तास यंत्र बांधलं होतं. आज ठोक्यांची कागदी पट्टी बघून म्हणाले, 'ठोके मधेच थांबतात तुमचे. चार-चार सेकंद. छतावर असताना थांबले असते तर?' छातीत छोटं यंत्र बसवावं लागेल, पंधरा-वीस दिवसांनी नंबर लागेल.

लागू दे. नाही तर नको लागू दे.

२ मार्च

तक्रारीच्या टेबलावर बसवलंय. 'नमस्कार, कुठली लिफ्ट, कितवा मजला?' दिवसभर हेच. बुवा एकटाच गाडी घेऊन गेला. जाताना खिडकीकडे बघितलंही नाही. की बघवलं नाही त्याला?

टेबलावरच्या माणसाला मोबाइल लागत नाही म्हणून फोन परत घेतला. देताना फोनचं काम बघणाऱ्या बाईंना बोललो. वाटेल ते बोललो. 'लोकांच्या घरात डोकावण्याचे पैसे मिळतात वाटतं तुम्हाला!' चार लोक वळून बघायला लागले.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. 'काका, बघा, मला एवढंच दिसतं. फोन कुठे आहे, चार्ज किती आहे, कंपनीचं ॲप चालू आहे की नाही. तुमचं ईमेल वेगळ्या कप्प्यात. ते मला उघडतच नाही. आणि दीडशे फोन आहेत माझ्याकडे, वाचायला वेळ कुठला!'

शिकवलेलं बोलतात सगळे. मग माझे शब्द साहेबांच्या तोंडात काय उडत गेले?

५ मार्च

ठमीला कळवायला हवं. पण कुठून? टेबलावरचा संगणकही कंपनीचाच. आणि काय कळवू? तुझं रडणं चव्हाट्यावर गेलं, माझ्यामुळे? एवढ्या वर्षांनी तिने दार किलकिलं केलं आणि मी आत गावजेवण घेऊन शिरलो.

९ मार्च

अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. उठतो. दाढी केली नाही.

१३ मार्च

बुवा घरी आला होता. दारातच म्हणाला, 'मला का नाही सांगितलंत? मी खाली उभा असतो हो. तुम्ही पडला असतात तर माझ्या पुढ्यात पडला असतात.' मग तो म्हणाला, 'ज्याने सांगितलं त्याचे पाय धरा.' मी त्याला जवळजवळ हाकललंच.

गेल्यावर वाईट वाटलं. एवढा एकच येणारा होता.

१६ मार्च

तिची आई स्वप्नात आली नाही, काही नाही. साधी आठवण आली— भांडण झालं की ती म्हणायची, 'तोंड फिरवून बसू नका, समोर बसून रुसा.' तीन आठवडे झाले मी तोंड फिरवून बसलोय. पोरीने लिहिलं असेल का काही?

वाचनालयात संगणक आहे म्हणे. उद्या.

१७ मार्च

पासवर्ड आठवत नाही! बुवाने घातला होता, फोनच्या पोटात राहिला होता. बुवाला फोन केला, त्यालाही आठवेना. ठमीचं नाव, तिच्या आईचं नाव, आमचं लग्न— सगळं घालून बघितलं. शेवटी संगणक म्हणतो, तुमच्या मोबाइलवर आकडे पाठवतो. कुठला मोबाइल? तोच! कंपनीचा!

वाचनालयाच्या पायरीवर बसून राहिलो. माझ्या मुलीच्या पत्रांची किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

१९ मार्च

मंगळवारी यंत्र बसवणार. घरचं कोण येणार, असं हॉस्पिटलातून विचारलं. कोणी नाही, म्हटलं. पलीकडची बाई 'बरं' म्हणाली.

२० मार्च

मान खाली घालून फोनवाल्या बाईंकडे गेलो. त्या दिवशीचं बोलणं मनावर घेऊ नका, वगैरे. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही धड. ड्रॉवर उघडून माझा फोन काढला, चार्जिंगला लावला. 'उद्या शनिवार, अर्धा दिवस मी इथेच आहे. वाचनालयात बसा, तुमच्या बटणाच्या फोनवरून मला फोन करा, मी आकडे वाचून दाखवते.' दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाल्या, 'काका, मी खरंच वाचलं नव्हतं हो.'

नव्हतं वाचलं तर कोणी वाचलं? पण विचारलं नाही. आज फक्त मागायला गेलो होतो.

२१ मार्च

स्टँडवर बसून लिहितोय. ठमीच्या गावची गाडी पावणेदोनला.

आकडे बाईंनी दोनदा वाचले. उघडलं. तिची सहा पत्रं. सर्वांत नवं वर असतं, म्हणून शेवटचंच आधी वाचलं. परवाचं. 'समजलं मला. यापुढे त्रास देणार नाही.' काय समजलं? मी तर काहीच— खाली, खाली जात राहिलो. 'बाबा, निदान शिव्या तरी द्या.' 'बाबा, उत्तर द्या ना.' सगळ्यांत खाली २६ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ. साहेबांनी बोलावलं त्याच्या आधी.

'बाबा, तुमच्या ऑफिसला मीच कळवलं. तुमचे शब्दच उतरवून पाठवले, नाहीतर त्यांनी विश्वास ठेवला नसता. तुम्ही डॉक्टरकडे गेला नव्हता, मला माहीत होतं. आई गेली तेव्हा मी काहीच करू शकले नाही. तुम्हाला नाही जाऊ देणार.'