तोंडी परीक्षेत अडकले त्याची हकीकत

आदरणीय गान्चोमामा,

साथीमुळे हात मिळवायला बंदी आहे, म्हणून इथूनच कोपर पुढे करून नमस्कार. तुमचा गुडघा, मामीचा रक्तदाब आणि तुमच्या मधमाश्या (त्यांना कुणी घरात कोंडलं नाही, भाग्यवान आहेत) सगळं ठीक असेल अशी आशा करते.

मी ठीक नाही, हे आईनं फोनवर सांगितलंच असेल. दंतवैद्यकीच्या चौथ्या वर्षी खऱ्या दाताला हात लावायला मिळतो, आणि नेमकं तेच वर्ष मी प्लोव्दिव्हच्या कॉलेजऐवजी आमच्या स्वयंपाकघरात, मिरच्यांच्या बरण्यांना पाठ लावून काढते आहे. दात न बघताच दाताची डॉक्टर होणार, या विचारानं हात थरथरतात. आईचं निदान असं की पोरीला भीती बसली. म्हणून तिनं शेजारच्या स्तोयनाआजींना बोलावलं आणि माझ्या डोक्यावर कापड धरून, त्यावरच्या पाण्याच्या भांड्यात वितळलेलं शिसं ओतायला लावलं; थिजलेल्या गोळ्याच्या आकारावरून भीती कशाची ते कळतं म्हणे (आजींनी मास्क लावला होता, हनुवटीला). पाण्यात पडलेला गोळा निरखून आजी म्हणाल्या, "लांडग्याला भ्यालीय." मी म्हटलं, "आजी, ती खालची दाढ आहे, दोन मुळं दिसताहेत की." आजी आईला म्हणाल्या, "हिला अजून दोनदा ओतावं लागेल."

गुरुवारी लॅपटॉपवरून तोंडी परीक्षा झाली. आई परसात टोमॅटोंना पाणी घालत होती. खाजिएव सरांनी खालच्या जबड्याच्या नसेबद्दल विचारलं. सगळं पाठ होतं, पण तोंड उघडेना, पापणीही हलेना. अर्धा मिनिट वाट बघून सर म्हणाले, "हिचं नेट गेलेलं दिसतंय. पुढचं कोण?" लगेच स्तानिमिराचा मेसेज आला, "सुटलीस. आता हलू नकोस." (मैत्रीण असावी तर अशी.) गप्प बसले असते तर नवी तारीख मिळाली असती. पण मामा, मला माझाच असा काही संताप आला की मी बोलून गेले, "सर, नेट चांगलं आहे. मीच अडकलेय. मार्चपासून घाबरलेय. नापास करायचं तर मला करा, नेटच्या नावावर ढकलू नका."

मग पडद्यावरच्या एकेका काळ्या चौकोनात कॅमेरा सुरू होऊन चेहरा दिसू लागला. "मीपण, सर." "माझंही तेच, सर." स्तानिमिराचे तर डोळे रडून सुजले होते, आणि मला रोज हसरी तोंडं पाठवायची. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सत्तर दिवस मी काळ्या चौकोनांना शिकवतोय. मला वाटायचं, पलीकडे कुणी नाहीच." चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "बरं. खालच्या जबड्याची नस." थरथरते हात कॅमेऱ्यासमोर तसेच ठेवून मी उत्तर दिलं. सहापैकी तीन मिळाले. पास व्हायला तेवढेच लागतात. आई म्हणते, यंदा वर्ष सोडून दे. मी सोडणार नाही.

तुमची भाची,
रुमेना

ता. क. आईला मी नेट गेलं होतं असंच सांगितलंय. तिनं विचारलं तर गेलंच होतं.

आणखी ता. क. सप्टेंबरच्या प्रात्यक्षिकाला आपला रुग्ण आपणच न्यायचा आहे. मामी सांगत होती, तुमची उजवी दाढ ठणकतेय. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका. माझे हात फक्त परीक्षेतच थरथरतात. (हीसुद्धा परीक्षाच आहे म्हणा, पण तुम्ही डोळे मिटून घ्या.)