देवमाशाचा श्वास आणि सासूबाईंचा पाय

३ फेब्रुवारी, मंगळवार

देवमासा परत आला. तिसऱ्यांदा. बाहुल्यांचं नाटक बसवणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, "बाकी सगळं छान, पण श्वास मशीनचा वाटतो." अहो, मशीनचाच आहे तो! कॉम्प्युटरसमोर बसून मी दुसरा कुठला काढणार?

नाटकात पंधरा हात लांबीचा कापडी देवमासा आहे. आत शिरून तिघं जण त्याला हलवतात. त्याने श्वास घेतला की मी बनवलेला आवाज फुलायला हवा, सोडला की मिटायला हवा. मी सॉफ्टवेअरमध्ये माऊसने फिल्टरची, म्हणजे आवाज किती उघडायचा त्याची, रेघ काढून ठेवलीय, वर जाणारी, खाली येणारी. रेघ रोज तीच. आतली माणसं मात्र रोज वेगळी दमतात, त्यामुळे मासा एकीकडे आणि श्वास दुसरीकडे.

एकवीसला पहिला प्रयोग. तोवर जमलं नाही तर बाई दुसऱ्या कुणाकडून आवाज करून घेणार. रागावून नाही, अगदी गोड आवाजात सांगितलं. म्हणून जास्त लागलं. माझं पहिलं मोठं काम हे.

त्यात बाहेरच्या खोलीत सासूबाईंचं विजेवरचं शिलाई मशीन. माईक चालू केला रे केला की खडखड सुरू! "करा, अजून जोरात करा," मी त्यांच्या पाठीमागे पुटपुटले. ऐकू गेलं असणारच. पण मान वळली नाही की टाका चुकला नाही. काय संयम आहे बाईंचा! मला तर चीड येते त्या संयमाची.

४ फेब्रुवारी

बॉम्बच टाकला आज. सासूबाई मशीन विकणार आणि धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला जाणार. बावीसला एक बाई मशीन न्यायला येणार, तेवीसचं तिकीटसुद्धा काढून झालंय. आम्हाला आत्ता सांगतायत!

कारण काय, तर "हातून चुका होतात आता." हे मात्र खरं. गेल्या महिन्यात तीन कपडे उसवावे लागले. गिऱ्हाइकाने लांब बाही सांगितलेली, यांनी आखूड शिवली. मला विचाराल तर हा शुद्ध हट्टीपणा. दुसऱ्याचं ऐकायचंच नाही! दाराची बेल वाजली तरी ढिम्म बसून राहतात. दार उघडायचं काम सुनेचं.

खरं लिहू? आधी बरं वाटलं. शांत घर, मोकळा माईक. नवरा बोटीवर, तो यायला चार महिने. म्हणजे घरात मी एकटी. मग जेवताना त्यांच्याकडे बघवेना. कशी आहे मी!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं! लिहून ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

सासूबाई शेवटच्या गिऱ्हाइकाची बाही जोडत होत्या. सरळ शिवणीवर मशीन धावलं. मग खांद्याचा गोलवा आला आणि त्यांनी पेडलवरचा पाय असा काही हलका केला की मशीन दम घेतल्यासारखं मंदावलं, वळणावर जरा रेंगाळलं, पुन्हा उचललं. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी. हाच तर श्वास हवाय मला.

सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, मी कधी वापरली नव्हती. कंट्रोल व्होल्टेज. बाहेरून थोडीशी वीज आत पाठवायची, शून्य ते पाच व्होल्ट. वाढली की फिल्टर उघडतो, उतरली की मिटतो. त्या विजेचा आवाज ऐकू येत नाही, ती नुसता हुकूम देते.

भाऊजी शुक्रवारी जेवायला येतातच. माझे धाकटे दीर, लिफ्ट दुरुस्त करतात. खड्ड्यात उभं राहून पाचव्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळे मीठ मागितलं तरी शेजारी दचकतात.

"पेडल म्हणजे दुसरं काय वहिनी! दाबलं की वीज जास्त, सोडलं की कमी. देतो करून!"

"माझं पेडल काढणार?" सासूबाई थेट स्वयंपाकघरातून.

"बघा, आई माझंच तेवढं ऐकते," भाऊजी छाती फुगवून म्हणाले.

७ फेब्रुवारी

सासूबाईंनी पेडल स्वतः काढून दिलं. हातातलं काम संपलंच होतं. फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं होतं, चिडतील.

भाऊजींनी त्याचा भिंतीच्या विजेशी संबंध कायमचा तोडला. आतला मूळ भाग बाहेर, त्याजागी छोटी बॅटरी आणि सरकणारी पट्टी. "आता चावणार नाही." केबलला लाल चिकटपट्टी लावली. आवाजाच्या केबलला पांढरी. दोन्हींची पिन सारखीच असते आणि मी किती धांदरट आहे ते भाऊजींना माहीत आहे.

८ फेब्रुवारी

काही नाही. दाबा, सोडा, त्यावर नाचा. स्क्रीनवरची रेघ जागची हलत नाही.

९ फेब्रुवारी

दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, आणि बिचाऱ्याचा दोष नव्हताच. भाऊजींनी मीटर लावून चोर पकडला. माईक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये माझा जो डबा आहे, तो स्थिर वीज आत घेतच नाही. "आवाज म्हणजे सतत हलणारी वीज, वहिनी. ती हा सोडतो. पाय दाबून धरला की वीज एका जागी थांबते. थांबलेलीला दारातूनच परत पाठवतो. त्याला बनवलंच तसं."

गाणं शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे दोन्ही प्रकारची वीज घेणारा डबा आहे. उद्या सकाळी तिच्या दारात उभी राहते.

१० फेब्रुवारी

हलली! रेघ हलली!

१२ फेब्रुवारी

माझ्या पायाने देवमाशाला उचकी लागते. सकाळभर प्रयत्न केला. एकदम उघडतो, एकदम मिटतो. अकरा वाजता वर बघितलं तर सासूबाई दारात. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"सरक," म्हणाल्या.

बसल्या. चप्पल काढून बाजूला ठेवली. अनवाणी पाय पेडलवर टेकवला, टाच जमिनीला. मी कॉम्प्युटरवर मासा सुरू केला. आवाज खालून कुठूनसा उठला, फुलला, फुटेल असं वाटेपर्यंत फुलला, आणि बाहीच्या गोलव्यावर रेंगाळावा तसा रेंगाळून खाली उतरला. माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांचं शिवणकाम त्या एका पावलात आहे आणि मी माऊसने रेघा ओढत बसले होते.

दुसऱ्यांदा मात्र बिघडलं. "तू माझ्याकडे तोंड करून बस," त्या म्हणाल्या. "पाठ केलीस की मला चुकल्यासारखं होतं." म्हणून मग टेबल फिरवलं. सगळ्या वायरी गुंतल्या, अर्धा तास गेला. फिरवल्यावर पुन्हा जमलं. हेडफोन देऊ केले तर नको, केस विस्कटतात म्हणे. माणसाचे नखरे किती असावेत!

शेवटी विचारलं, "आई, कसं वाटलं?"

"बरं आहे."

लग्नाला तीन वर्षं झाली. केलेलं प्रत्येक गाणं मी आधी त्यांना ऐकवते. प्रत्येक वेळी "बरं आहे." एकदा तरी म्हणा की, वाईट आहे, रडकं आहे, बंद कर ते! मला त्यांचा खरा शब्द हवाय. एवढं का हवंय, ते मलाही माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

नाटकाच्या बाईंना श्वास पाठवला. पाच मिनिटांत फोन. "हे कुणी केलं?"

"माझ्या सासूबाईंनी. पायाने."

 बाई म्हणाल्या, "प्रयोगाला त्यांनाच बसवा. विंगेत. मासा जसा दमेल तसा श्वास हवाय मला."

सासूबाईंना सांगितलं तर आधी "छे, मी कसली नाटकात," आणि दहा मिनिटांनी, "विंगेतलं माणूस कुणाला दिसतं का गं? मग नवा चष्मा घालते."

१७ फेब्रुवारी

तालीम. आता त्याच पेडलवर एको, म्हणजे घुमाराही, जोडलाय. पूर्ण दाबलं की मासा समुद्राच्या तळाशी गेल्यासारखा वाटतो. सासूबाईंनी पहिल्याच फेरीत माशाच्या आतल्या तिघा मासेवाल्यांना गप्प केलं. नंतर पुढच्या मासेवाल्याला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुझा खांदा अडकतोय, माशाचा पर शिवताना कापड ताणलंय कुणीतरी." तिथल्या तिथे उसवून पर नीट करून दिला. पोरगे त्यांना "मावशी" म्हणायला लागलेत.

घरी आल्यावर कपाटातून त्यांची बॅग निघालेली दिसली. जाऊ नका म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. "वरण वाढू का?" म्हणाले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

झाला प्रयोग. 

हॉल मुलांनी गच्च. सासूबाई विंगेत स्टुलावर, चप्पल बाजूला, पेडलवर पाय. मी त्यांच्या समोर, कॉम्प्युटरमागे. हॉलचे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून, विंगेत नुसती घुमघुम येते. म्हणून त्यांच्याशेजारी एक छोटा स्पीकर ठेवला होता, खास त्यांच्यासाठी.

दुसऱ्या प्रवेशात पुढच्या मासेवाल्याच्या पायात गोळा आला. मासा श्वास घेता घेता अर्ध्यात थांबला.  सासूबाईंनी पाऊल तिथंच धरलं. आवाज तसाच टांगलेला. एक, दोन, तीन, चार... पहिल्या रांगेतल्या एका मुलीने स्वतःचा श्वास रोखून धरलेला मला दिसला. मग मासा सावरला, पाऊल उचललं गेलं, आवाज सावकाश खाली आला आणि ती मुलगी भस्सकन श्वास सोडून हसली. अख्खा हॉल हसला. बाईंनी नंतर मला मिठी मारली. पुढचे सगळे प्रयोग आमचेच!

पण सामान आवरताना कळलं. त्या छोट्या स्पीकरची पांढरी केबल मी डब्याच्या भलत्याच भोकात खुपसली होती. पट्ट्या केबलला लावल्या, भोकांना कुठे लावल्या? म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या स्पीकरमधून आवाजच आला नाही. त्यांना नीट काही ऐकू गेलं नाही आणि तरी एक श्वास चुकला नाही! कसं काय?

गाडीत माफी मागणार होते. त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.

२२ फेब्रुवारी

सकाळी सांगितलं. "आई, माझी चूक. काल तुमच्या स्पीकरमधून आवाजच येत नव्हता."

"कुठल्या स्पीकरमधून?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला तीन वर्षं धड ऐकू येत नाही गं. समोर असलीस की ओठांवरून कळतं. धाकटा ओरडतो म्हणून निभावतं. पेडल दाबताना मी माशाकडे बघते आणि तुझ्या खांद्यांकडे. आवाज नीट फुलला की तुझे खांदे खाली येतात." आणि मग, "सून गाणी करते. तिला कसं सांगायचं, तुझं एकही ऐकलेलं नाही म्हणून?"

रडले. मग हसूही आलं, तीन वर्षांचं माझं पुटपुटणं फुकट गेलं! जाऊ नका म्हणाले, तोंडासमोर, सावकाश, नीट कळेल असं. मशीन न्यायला आलेल्या बाईंना पेडल नाही म्हणून परत पाठवलं. तिकीट रद्द. गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय.

"नीट ऐकल्यावर आवडलं नाही तर सांगेन हं," म्हणाल्या.

सांगा. त्याचीच तर वाट बघतेय.