सीटखालचा पाईप

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

गजूनं, माझ्या धाकट्या भावानं, प्रवासी जीपला भंगारातलं पेट्रोल इंजिन बसवलं. आज सीट उचलली, तर पेट्रोलचा पाईप प्रवाशांच्या पायांखालून नेलेला.

"काहून रे?"

"दादा, गाडीखालून नेला तर पऱ्हाटीचे खुंट फाडते त्याले."

खरं आहे. शेतरस्त्यात कापसाच्या खुंटांनी एकदा फाटलाच होता. पण त्याच सीटवर माणसं बिड्या ओढतात. त्यानं काळजी घेतली, पण पाईपची.

"चेसिसच्या आतून ने, सायलेन्सरपासून दूर. खालून पत्रा लाव."

"उद्या दारव्ह्याचा बाजार हाय. मंग पाहू."

"मंग उद्या मायले त्या सीटवर बसव."

आईचं नाव घ्यायला नको होतं का? तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं म्हणाला, "दादा, टॉर्च इकडे धर."