काडेपेटीच्या मापाचे बूट

प्रिय जाऊबाई,

जाऊबाई म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, हे माहीत असूनच लिहिलंय. नवी नवी आले होते तेव्हा मी तुला अहोजाहो करायची. मग एकदा तूच दम दिलास की अगंतुगं केलं नाहीस तर चहा मिळणार नाही. मी चहाची मिंधी, लगेच ऐकलं. आज पुन्हा जाऊबाई म्हणतेय, कारण चिडलीस तर निदान पत्र शेवटपर्यंत वाचशील. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर ऐक. फोन लागला की ठकू त्याच्यावर झडप घालते, तिच्या मागून तुझे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, डोकं खुपसतात, भावजी लांबूनच तब्येत सांभाळ म्हणतात, आणि तू गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत सटकतेस. तुझ्या गॅसवर एवढं काय काय असतं कोण जाणे. म्हणून या पानांचे फोटो काढून फक्त तुला पाठवतेय. ठकू झोपली की वाच. एकटीने वाच.

तिकीट मिळाल्याचं कळलंच असेल. रविवारी संध्याकाळी मी घरी. हे माझं आधीही सांगून झालंय आणि दर वेळी तोंडघशी पडलेय, म्हणून या वेळी जपून बोलतेय. पण जिथे विमान बदलावं लागतं त्या मधल्या देशाने पुन्हा दार उघडलंय, आल्यावर वेगळं राहायचा नियमही उठलाय, आणि तिकीटवाला पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलला. इतके महिने तो अर्ध्या उघड्या शटरखालून, वर न बघताच सांगायचा की ताई, पुढच्या आठवड्यात बघू. त्याचा तरी काय दोष? विमानं मोजकी आणि दारात माणसं ही एवढी. मी कामावरून सुटले की त्याच्या दुकानावरून वाकडी वाट करून जायची. शेवटी शेवटी तर तो मला बघूनच नकारार्थी मान हलवायचा, माझे आत जायचे कष्टही वाचायचे.

आठवतं ना, मी निघाले तेव्हा ठकू नुकती बसायला लागली होती. चष्म्याच्या काचा कापायचं नवं मशीन शिकायला कंपनी पाठवतेय, तीन महिन्यांत परत, पगारात वाढ. मी जावं की नाही यावर घरात सगळे घुटमळत होते, आणि तूच म्हणालीस, जा, मी आहे. ते तीन शब्द मी बॅगेत सगळ्यात वर ठेवले होते असं समज. मशीन मी दीड महिन्यात शिकले. मग साथ आली, सीमा बंद झाल्या आणि मी मशीनसकट अडकले. कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर आमची खोली, दोन खाटा, एक खिडकी. माझी सोबतीण काचा घासून गुळगुळीत करते, माझ्याहून वयाने बरीच मोठी. माझी बॅग ती कधी रिकामी करू देत नाही. तिचं म्हणणं, भरलेली बॅग दाराशी दिसली की माणसाचा धीर टिकतो. मला ती बॅग बघून रडू यायचं, पण तिला कोण सांगणार.

वकिलातीने आधी कुणाला मायदेशी पाठवायचं याची यादी केली होती ती तर तुला माहीतच आहे. आधी आजारी, मग म्हातारे, मग पोटुशा बायका. मी खिडकीवरच्या बाईला म्हटलं, माझी मुलगी तिकडे आहे, अजून धड चालतही नाही. ती बिचारी भली होती, पण तिच्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता. म्हणजे बघ, मूल पोटात असतं तर पहिल्या विमानात बसले असते, ते बाहेर आलं आणि तुझ्या कडेवर बसलं म्हणून माझा नंबर शेवटचा. त्या दिवशी खोलीवर येऊन मी हे सोबतिणीला सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग हसता हसता मला थांबताच येईना, आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत बसली.

सगळ्यात वाईट म्हणजे विमानतळावरून परत यावं लागलं ती वेळ. फोनवर मी थोडक्यात उरकलं होतं. खरं असं झालं, की तपासणीचा कागद होता, तिकीट होतं, बॅगही वजनाच्या काट्यावर चढली होती. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर काहीतरी वाचलं आणि बॅग खाली उतरवायला सांगितली. मधल्या देशाने त्याच दुपारी दार लावून घेतलं होतं. मी भांडले, हात जोडले, शेवटी तिथेच बॅगेवर बसून राहिले. झाडणारा माणूस माझ्या भोवतीने झाडून गेला. तुम्हाला फोन करायचा होता पण हिंमत होईना, कारण ठकूला नवा फ्रॉक घालून तू दारात बसली असशील हे मला ठाऊक होतं.

आता जे लिहायचंय ते मी कधी बोलले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू बोलता बोलता फोन ओट्यावर ठेवलास आणि बंद करायला विसरलीस. मला तुमचं छत दिसत होतं, पंखा दिसत होता. मी फोन ठेवला नाही, म्हटलं जरा घराचे आवाज तरी ऐकू. तेवढ्यात ठकूचा हात आला, फोन उचलला, आणि ती लाडाने म्हणाली, आई. मी हुरळले, ओ दिली. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती फोन उलटा धरून घरभर फिरवत होती. मग चार्जरची वायर त्यात खुपसायला लागली आणि तुला सांगू लागली की आईला भूक लागली, आई मंमं करते. तेव्हा मला उमजलं. तू इतके दिवस फोन पुढे धरून तिला शिकवत होतीस, ही बघ आई. ती शिकली. तिच्या लेखी आई म्हणजे फोन. तू पळत आलीस, घाबरून फोन बंद केलास, आणि दुसऱ्या दिवसापासून गॅसवरच्या भानगडी वाढल्या.

तुला वाटलं मला त्याचं वाईट वाटेल. वाटलंच. पण त्याहून एका गोष्टीने जास्त जाळलं. ती तुला कशानेच हाक मारत नाही. काकू नाही, काही नाही. नुसती तुझ्या पदराला धरून मागे फिरते. हाक लांबच्या माणसाला मारायची असते, जवळच्याला गरजच काय? मला तुझा राग आला गं. माझ्या पोरीची रात्रंदिवस उस्तवार करणाऱ्या तुझा मला राग आला, हेवा वाटला, आणि वर स्वतःची लाज वाटली. चार दिवस मी फोन केला नाही, कामाचं निमित्त सांगितलं. तू काही विचारलं नाहीस, म्हणजे तुला कळलं होतं.

बरं, जरा हसण्यासारखं सांगते. ठकूच्या बुटांसाठी मी तुला तिचं पाऊल कागदावर गिरवून फोटो पाठवायला सांगितलं होतं, आणि मापाला शेजारी काडेपेटी ठेव म्हटलं होतं. मी इथली काडेपेटी मोजून हिशेब केला. दुकानदार म्हणाला, मुलगी एवढीशी आणि पाय एवढे? मी त्याच्याशी हुज्जत घातली. म्हटलं, केसाइतका फरक पकडायचा हाच माझा धंदा आहे. बूट घेऊन ऐटीत आले. मग एकदा फोनवर तुला गॅस पेटवताना पाहिलं, आणि आपल्याकडची काडेपेटी किती चिमुकली असते ते आठवलं. इथली तिच्या सव्वापट. सोबतीण अजून मला काडेपेटी म्हणून चिडवते. पण गेल्या महिन्यात तू पट्टीने मोजून माप पाठवलंस ना, ते मी ताडून पाहिलं. बूट आता बरोबर बसतील. माझी एवढी विमानं चुकली, त्यात एवढं एकच सुधारलं.

आता मुद्द्याचं. काल यांच्या तोंडून निसटलं की तुम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्यात आणि शनिवारी सामान हलवताय. काय तर म्हणे, भावजींना दुकान जवळ पडेल. अगं, भावजींचं दुकान आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे. खोटं बोलायचं तर जरा तयारीने बोलावं. तू का चालली आहेस ते मला समजलं. तू नसलीस की ठकू माझ्याकडे लवकर येईल, असा तुझा हिशेब. हा हिशेब म्हणजे माझ्या काडेपेटीसारखाच आहे. तिच्या बाजूने बघ जरा. शनिवारी घरातली बाई नाहीशी होणार आणि रविवारी फोनमधली बाई हातपाय फुटून दारात उभी राहणार. त्या पोरीने काय समजायचं? आणि तुझं काय? ज्या गोष्टीवर आपण दोघी कधी बोललो नाही तिच्यावर मी आजही बोलत नाही, पण लेकराशिवायचं ते घर लावताना तुझे हात काय म्हणत असतील हे मला कळतं. एवढे महिने मी एकेका दारावर डोकं आपटलं, कारण एका बाईपासून तिचं मूल बंद दारापलीकडे होतं. माझं दार उघडताना तुझं लागणार असेल, तर मला ते नको. जाऊ नकोस. सामान बांधलं असेल तर सोड. रविवारी तिला कडेवर घेऊन दारात राहा, आणि मी कितीही हात पुढे केले तरी तिला माझ्याकडे देऊ नकोस. ती मला बघून रडेल, तुझ्या मानेत तोंड लपवेल. लपवू दे. मी घरात असेन, ती तिच्या पायांनी येईल तेव्हा येईल. पण ती रडली की मलाही रडू येणार आहे, आणि त्या वेळी मी कुणाकडे जाऊ, तेवढं सांग. मला भीती वाटतेय गं. बूट मी आणतेय, ते तिच्या पायात तूच घालायचेस.

चहा टाकून ठेव.

तुझीच,
धाकटी