एकोणसत्तर आणि सत्तर

३ फेब्रुवारी
चालला! माझा खेळ चालला! एकाने गुप्त आकडा टाकायचा, दुसऱ्याने तो एक ते शंभरमधून ओळखायचा. चुकला की कॉम्प्युटर सांगतो — 'मोठा हवा' किंवा 'लहान हवा'. अठ्ठावन्नाव्या वर्षी जावास्क्रिप्ट! कॉम्प्युटर क्लासच्या बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर पोरींना मागे टाकलंत."

पण खेळ ह्यांच्यासाठी आहे. पक्षाघाताने वाचा गेली त्याला पाच महिने झाले. उजवा हात आता सुधारतोय, डाव्याने टाइप करतात. डॉक्टर म्हणाले होते, आकड्यांशी खेळवा, डोकं किती शाबूत आहे ते कळेल.

५ फेब्रुवारी
सोपं जावं म्हणून सात टाकला. ह्यांनी पन्नासपासून सुरुवात केली, मग पंचाहत्तर, बासष्ट... शेवटी एकोणसत्तर, सत्तर. तिथेच अडले. चाळीस वर्षं लेथ मशीनवर केसाएवढ्या फरकाचं काम केलेला माणूस — आणि त्याला साधा सात सुचेना! स्वयंपाकघरात जाऊन रडले.

६ फेब्रुवारी
आठ टाकला. नाही.

७ फेब्रुवारी
चार. नाही. मोठे आकडे द्यायचा धीरच होत नाही.

९ फेब्रुवारी
मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आकडेच कळत नसतील तर बाबा मशीनवर हात कापून घेतील. विकून टाक." खरं आहे त्याचं. शेडमधलं ते मशीन म्हणजे माझी सवत, जन्मभर तिच्या नावाने बोटं मोडली. आता तिच्यासाठीच जीव तुटतोय. लगेच जुनी मशीनं घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला, शनिवारी येतोय. ह्यांना सांगायला तोंड नाही मला.

१० फेब्रुवारी
पुन्हा सात. हे सरळ एकोणसत्तर! मग सत्तर. पुन्हा एकोणसत्तर. सत्तर. वीस वेळा! माझं बोट धरून पडद्यावर आपटलं. "अहो, पुरे!" ओरडलेच मी. हट्टी ते हट्टीच! नंतर वाईट वाटलं. केस विंचरून दिले.

१२ फेब्रुवारी
क्लासमध्ये बाईंना सगळं सांगितलं. "एकोणसत्तरला कॉम्प्युटर काय म्हणाला?" — मोठा हवा. "आणि सत्तरला?" — लहान हवा. मी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. ह्या दोघांच्या मध्ये आहे काय?

रोज ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले मी, पडद्याकडे बघितलंच नाही. कॉम्प्युटर आकड्यांना आकडे समजतच नव्हता, शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावत होता — पहिला अंक बघून. त्याच्या लेखी सहाने सुरू होणारा एकोणसत्तर सातच्या अलीकडे, आणि सातापुढे शून्य लागलेला सत्तर पलीकडे. दोन अंकी आकडे दिले असते तर खेळ नीट चालला असता. मी मेली माया करून एकेरीच देत राहिले!

दुरुस्ती एका शब्दाची.

आणि हे? मापात खोट वाटली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजायची सवय आहे ह्यांना. वीस वीस वेळा.

१३ फेब्रुवारी
सात टाकला. पन्नास, पंचवीस, बारा, सहा, नऊ — सात! हात धरून बसून राहिले. खूप वेळ.

१४ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं. मग ह्यांच्यासमोर बसून कबूल केलं — तुम्हाला न विचारता मशीन विकायला निघाले होते, नऊ तारखेला दार लोटून फोन केला होता.

ह्यांचे ओठ हलले. पाच महिन्यांतला पहिला शब्द.

"ऐकलं."