दगडाखालची एकतीस पिंपं

मी, महिपत तानाजी जगदाळे, वय वर्षे त्रेसष्ट, रंगाच्या कारखान्यातला निवृत्त सुपरवायझर, राहणार डोंबिवली पूर्व, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. कोणाची बळजबरी नाही. भीती मात्र आहे, आणि तिचा दाखला मिळत नाही म्हणून ती इथे नोंदवतो. माझे हे पहिलेच मृत्युपत्र.

१. राहता ब्लॉक मुलगा पोपट व सून कलावती या दोघांच्या नावे समान. बाल्कनीतली तुळस माझ्या कै. पत्नीने, गंगुबाईने लावलेली आहे, ती काढून तिथे कपडे धुण्याचे मशीन ठेवू नये. तळमजल्यावरच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीवरून माझ्याशी अकरा वर्षे अबोला धरला आहे. त्यांना तेराव्याला अवश्य बोलवावे, पण लाडू एकदाच वाढावा.

२. पोस्टातली सर्व बचत नात चित्रा, वय सात, हिच्या शिक्षणासाठी, आणि औषधपाण्यासाठी, लागले तर. ‘लागले तर’ हे शब्द मी तीनदा खोडले आणि पुन्हा लिहिले. कारण कलम चारमध्ये येईल.

३. माझे गमबूट, जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवरचा बंद चष्मा आणि पोलादी टेप दामाजी गोमाजी भोईर याला द्यायचे मनात होते. तो वीस वर्षे माझ्या हाताखाली होता, आणि मी ओरडलो तरी दुसऱ्या दिवशी डबा माझ्याच शेजारी उघडायचा. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात. तेव्हा या वस्तू जिवंतपणीच द्याव्या लागतील. हातमोजे कोणीही भांडी घासायला घेऊ नयेत.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

आमचा कारखाना १९९१ साली बंद पडला. ती जागा साफ करून तिथे मुलांसाठी बाग व्हावी म्हणून आमच्या रहिवासी मंडळाने चार वर्षे अर्ज केले, मोर्चे काढले. मी मंडळाचा उपाध्यक्ष. कारखान्याचा विषारी गाळ कुठे पुरला आहे हे मला ठाऊक, म्हणून सफाईचे इंजिनियर मला बरोबर घेऊन फिरले. मी त्यांना तीन खड्डे दाखवले. तिन्ही उपसले, गाळ सीलबंद करून नेला, वर चुना आणि नवी लाल माती पडली. वस्तीतली मुले मला ‘बागवाले आजोबा’ म्हणतात.

खड्डे चार आहेत.

चौथा नाल्याच्या बाजूला, भिंतीपासून अठरा फुटांवर. त्यात नारिंगी रंगाच्या गाळाची एकतीस पिंपे आहेत. मे १९८४ मध्ये माझ्या देखरेखीखाली, दामाजी आणि इतरांच्या हातांनी ती पुरली. मॅनेजर म्हणाले, “वर दोन फूट माती टाका आणि विसरून जा.” त्यांची बदली झाली, ते विसरले असतील. मला ते जमले नाही. भिंत तिथे पडलेली होती. पलीकडच्या बायका गवत कापायला यायच्या, पोरे क्रिकेट खेळायची. पाटी लावायची परवानगी मागितली तर मिळाली नाही.

तेव्हा मी माझ्या मते फार हुशारी केली. आमच्या फलटणकडे म्हसोबाच्या भोवतालची माती कोणी उकरत नाही. एका सुट्टीच्या दिवशी दामाजी आणि मी नाल्यातला एक गोल दगड आणला, खड्ड्यावर बरोबर मधोमध बसवला, शेंदूर फासला, नारळ फोडला. आठवड्याभरात क्रिकेट दुसरीकडे गेले. गवतही कोणी कापीना. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

पण दगडाला लोक येऊ लागले. नाल्यापलीकडच्या गावातल्या मंजुळाबाई केणे यांनी त्याची सेवा, रोज तेल घालणे, स्वतःहून पत्करली. बारा वर्षांत त्यांचा खाडा नाही. बाजूला लावलेला कडुनिंब तीनदा जळाला, तेव्हा देवाला सावली नको असे ठरले. पावसाळ्यात दगडाच्या बुडाशी नारिंगी पाणी पाझरू लागले, तेव्हा देवाचा शेंदूर आपोआप निघतो असे ठरले, आणि लोक तो कपाळाला लावू लागले. जागृत देवस्थान झाले. ते पिंप गंजून फुटल्याचे पाणी आहे हे जगात दोघांनाच माहीत, आणि दोघेही गप्प.

सफाईच्या वेळी इंजिनियरांनी तिथे उभे राहून विचारले, “जगदाळे, इथं काही आहे का?” मी म्हणालो, “देवाची जागा आहे, साहेब.” त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार केला. नकाशावर त्या जागेभोवती गोल काढून ती सोडून दिली.

मला पोलिसांची भीती वाटली. वस्तीची वाटली. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या दगडाचीही वाटते. मीच नाल्यातून आणलेला दगड, आणि आज त्याच्यासमोरून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात.

गेल्या श्रावणापासून चित्राच्या कपाळावर चट्टा आहे, जातच नाही. डॉक्टरांनी विचारले, काय लावता? कलावती म्हणाली, “देवाचा शेंदूर लावतो, परीक्षेच्या दिवशी.” मी बाहेर बाकावर पेपर धरून बसलो होतो. दार उघडे होते, सगळे ऐकू आले. तरी मी आत गेलो नाही.

बागेचे उद्घाटन येत्या २६ जानेवारीला आहे. घसरगुंडी आणि वाळूचा हौद दगडासमोरच बसवले आहेत, मुले देवाच्या नजरेखाली खेळावीत म्हणून. ती सूचना मंडळाच्या बैठकीत आली तेव्हा मी हात वर केला होता.

५. म्हणून माझी इच्छा अशी, की माझ्या मृत्यूनंतर हा कागद मंडळापुढे वाचावा, दगड हलवावा, आणि

इथवर लिहून दामाजीला वाचून दाखवले. त्याने आपली काळी पडलेली नखे माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, “सायेब, तुमी मरनार कवा? बाग त येत्या रविवारी उघरनार.”

मी दाखला पाहिला. त्यात लिहिले आहे, प्रकृती उत्तम.

६. कलम पाच रद्द. खालील गोष्टी माझ्या हयातीत, उद्यापासून करायच्या आहेत. सकाळी आठ वाजता चित्राला घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे जाईन आणि तिच्या कपाळाला काय लागले ते सांगेन. दहा वाजता, हातमोजे घालून, दगड हलवला जाईल. त्याखाली कोणीही कुदळ मारू नये. इंजिनियरांना बोलवावे, खड्ड्याचा नकाशा मागच्या पानावर आहे. चारही खड्डे साफ झाल्याशिवाय फाटक उघडू नये. मी उद्या कच खाल्ली, तर हा कागद चित्राच्या आईच्या हाती द्यावा. त्याहून मोठी भीती मला नाही.

दुसरा साक्षीदार म्हणून दामाजीने मंजुळाबाईंना बोलावून आणले. मी नको म्हणत होतो. सगळा कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारले, “बारा वर्सं मी त्याल कोनाला घातला, भाऊ?” त्यांनी पेन मागितले. साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांत, सहीआधी, त्यांनी स्वतःचे दोन शब्द लिहिले आहेत. ते तसेच ठेवावेत.

स्थळ : डोंबिवली. रविवार, दिनांक १९ जानेवारी १९९७.

(सही) महिपत तानाजी जगदाळे

साक्षीदार :
१. दामाजी गोमाजी भोईर, डाव्या अंगठ्याचा ठसा.
२. दगूर मी उचलीन. पोरीच्या कपालाला मीच लावलेला. हातमोजे मना द्या. (सही) मंजुळा परशुराम केणे